बापूसाहेबांच्या ऑफिसातलं कायद्याचं इंग्रजी

वकिलाच्या ऑफिसात सात-आठ वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. एक सांगायला घेतला की मागून दुसरा म्हणतो, मी राहिलोय. आमच्या वाडीतल्या बायका अजून मला गाठून बसवतात आणि म्हणतात, सुमती, कोर्टातलं काहीतरी सांग. वास्तविक मी कोर्टात फारशी गेलेच नाही. मी टायपिस्ट. पण मजा कोर्टापेक्षा कागदात जास्त असते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

ठाकूरद्वारच्या नाक्यापासून चार पावलांवर, एका लाकडी जिन्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बापूसाहेबांचं ऑफिस होतं. बापूसाहेब वकील, साठीचे, काळा कोट खुंटीवर आणि तपकिरीची डबी टेबलावर. हेडक्लार्क होते धुरीमामा, मूळचे मालवणकडचे, तीस वर्षं बापूसाहेबांकडेच. आणि तिसरी मी, नुकतीच टायपिंगची परीक्षा पास झालेली. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. धुरीमामा दिवसभर इंग्रजी दस्तऐवजांच्या नकला तपासायचे आणि सहा वाजले की छत्री उचलून मराठी राज्य मागायला सभेला जायचे.

पहिल्या दिवशी माझ्या हातात एक मुखत्यारपत्र आलं. सुरुवात अशी, 'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स'. मला मॅट्रिकला इंग्रजीत चांगले मार्क होते. सर्व पुरुषांना कळावे, या भेटवस्तूंवरून! मी सगळं टाइप केलं, पानं उलटसुलट पाहिली आणि शेवटी बापूसाहेबांना विचारलं, की भेटवस्तूंची यादी कुठे जोडायची?

बापूसाहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की 'प्रेझेंट्स' म्हणजे हाच कागद, समोर हजर असलेला. शेकडो वर्षांपूर्वी विलायतेतल्या कुणा कारकुनाने तसं लिहिलं, आणि तेव्हापासून कुणाची बदलायची हिंमत झालेली नाही.

मी मान खाली घालून जागेवर आले. धुरीमामा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बाय, वायट वाटून घेव नको. त्या प्रेझेंटांची मी तीस वर्सां वाट बघतंय."

*

बापूसाहेबांचा एक नियम होता. इंग्रजी कागदावर कुणाचीही सही किंवा अंगठा घ्यायच्या आधी तो त्या माणसाला मराठीत समजावून सांगायचा. कागदाच्या तळाशी तशी ओळ असायची आणि तिच्याखाली समजावून सांगणाऱ्याची सही. महिन्याभरात ते काम माझ्याकडे आलं. "ही ओळ खोटी ठरली तर आपण दोघं खोटे," एवढंच ते म्हणाले. मी इतकी घाबरले की शब्दाला शब्द लावून सांगायला लागले.

त्यातूनच काशीबाईंचा प्रकार घडला. काशीबाई शिवडीच्या गोदामात गोणी शिवायच्या. गावच्या घराचं सगळं बघायला मुलीला मुखत्यार नेमायचं होतं. मी शेवटच्या ओळीपर्यंत आले. 'आय हॅव हिअरअंटू सेट माय हँड', म्हणजे सही केली आहे. मी शब्दाला शब्द लावून सांगितलं, याची साक्ष म्हणून मी इथे माझा हात ठेवला आहे.

शाईचं पॅड त्यांच्यापुढे सरकवलं आणि मी पेन शोधायला वळले. परत बघते तर काशीबाईंनी उजवा तळवा पॅडवर नीट घोळवून स्टॅम्पपेपरवर पाचही बोटांसकट दाबलेला. लग्नघराच्या भिंतीवर उमटवतात तसा पंजा. खाली माझं टायपिंग दिसेना.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काशीबाई उलट खूष होत्या. म्हणाल्या, "माझी पोर काय वाचत नाही. पण ह्यो हात वळखंल ती."

बापूसाहेबांनी कागद बराच वेळ पाहिला आणि तसाच रजिस्ट्रारकडे न्यायला सांगितला. धुरीमामा तो पुढे करताना देवाचं नाव घेत होते. रजिस्ट्रारसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "यात अंगठा आहे ना?"

आहे, धुरीमामा म्हणाले.

"मग बाकीची चार बोटं जादा समजू," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

*

लालबागचे दगडू परब एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. धाकटा भाऊ आणि भावजय वर्षभरात एकामागून एक गेले आणि त्यांची चार वर्षांची मुलगी यांच्याकडे आली. परबांना मूलबाळ नव्हतं. पण मुलीच्या आईकडचा एक लांबचा नातेवाईक तिला घेऊन जाईन म्हणायला लागला. परब नवराबायको धास्तावले. बापूसाहेबांनी त्यांना मुलीचे पालक नेमावं असा कोर्टाला अर्ज लिहिला.

त्या काळी अशा अर्जाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असायचं, की या कृपेबद्दल अर्जदार कर्तव्य म्हणून सदैव प्रार्थना करत राहील. मी तेही सांगितलं. परब सही करता करता थांबले.

कोणासाठी प्रार्थना, त्यांनी विचारलं. कोर्टासाठी, म्हणजे जज्जसाहेबांसाठी, मी सांगितलं. रोज? सदैव लिहिलंय म्हणजे रोजच. परबांनी बायकोकडे बघितलं. दोघं बराच वेळ आपसात कुजबुजले. मग त्यांनी मला विचारलं, "माझी पहिली पाळी असली की सकाळी जमणार नाय. संध्याकाळी केली तर चालंल काय?"

मी बापूसाहेबांना विचारायला आत गेले. ते म्हणाले, चालेल म्हणावं.

मुलगी परबांकडेच राहिली. दोनेक वर्षांनी एका भाडोत्र्याच्या दाव्यात साक्ष द्यायला परब कोर्टात आले होते. वऱ्हांड्यात तेच जज्जसाहेब समोरून येताना दिसले. परब बाजूला न होता सरळ पुढे गेले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, तब्येत बरी हाय ना? मी रोज करतंय. एक दिवस चुकवलेला नाय."

साहेब बुचकळ्यात पडले. पट्टेवाला परबांना बाजूला सारायला धावला. बापूसाहेब तिथेच होते, त्यांनी चार वाक्यांत खुलासा केला. साहेबांनी पट्टेवाल्याला हाताने थांबवलं. मग म्हणाले, "मी आजवर हे वाक्य कितीतरी अर्जांवर वाचलं. ते कुणी पाळतं, हे मला माहीत नव्हतं."

आणि त्यांनी परबांना विचारलं, मुलगी कितवीत आहे?

*

हा अगदी छोटा. गिरगावातल्या एका सरबतवाल्यांनी दुकानासाठी नवी जागा घेतली. करारात 'टाइम शॅल बी ऑफ द इसेन्स' असं कलम होतं. म्हणजे ठरलेली तारीख चुकली तर करार मोडू शकतो. सरबतवाले इंग्रजी अक्षरं लावून वाचायचे. मी समजावून सांगायच्या आत त्यांनी स्वतःच वाचलं आणि चिंतेत पडले. गुलाब आहे, खस आहे, केवडा आहे, ते म्हणाले. हा टाइमचा इसेन्स कोण ठेवतो? आणि तो ठेवल्याशिवाय जागा देणार नाहीत काय?

*

परळच्या एका चाळीत गंगाराम जाधवांची खोली होती. गंगाराम गिरणीत कामाला आणि गळ्याने गवई. चळवळीच्या त्या दिवसांत त्यांनी चाळीतच एक कलापथक उभं केलं होतं. त्यात नुकती बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातली गंगारामसारखी मंडळी होती, तशी वरच्या मजल्यावरची कोकणातली मंडळीही होती. संध्याकाळी ढोलकी सुरू झाली की आधी बुद्धवंदना, मग बाबासाहेबांची गाणी, मग संयुक्त महाराष्ट्राचा पोवाडा. सगळी चाळ गॅलरीत येऊन बसायची.

घरमालकाला हे खपेना. त्याने वकिलाकडून नोटीस दिली. भाडेकराराच्या सातव्या कलमाप्रमाणे भाडेकरूने खोलीची 'क्वाएट एंजॉयमेंट' करायची आहे. तुम्ही एंजॉयमेंट करता पण ती क्वाएट नाही, सबब खोली खाली करा.

गंगाराम नोटीस घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. घरात म्हातारे वडील, बायको, तीन मुलं. त्यांनी ढोलकी दोन दिवस खुंटीला टांगून ठेवली होती. चाळीतली माणसं विचारत होती, आणि त्यांना काय सांगावं कळत नव्हतं.

बापूसाहेबांनी नोटीस वाचली आणि तपकिरीची डबी उघडली. ही खूण आम्हाला माहीत होती. साहेब खूष झाले होते. त्यांनी मला समोर बसवून उत्तर सांगायला सुरुवात केली. हे कलम भाडेकरूने गप्प बसावं म्हणून नसतं. भाडेकरूला त्याच्या जागेत बिनत्रास राहू देईन, असं मालकाने दिलेलं ते वचन असतं. म्हणजे सातवं कलम मोडलं असेल तर ते मालकानेच, ही नोटीस पाठवून. त्यामुळे आमच्या अशिलाच्या आनंदात यापुढे अडथळा आणल्यास कायदेशीर इलाज केला जाईल.

गंगारामना मी मराठीत सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, म्हणजे बाई, शांत त्यांनी बसायचं?

"हो," मी म्हटलं. "आणि आनंद तुम्ही करायचा."

पुढच्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही तिघंही त्या चाळीत पोवाडा ऐकायला गेलो. गंगारामनी मध्येच नव्या कडव्यांचा एक चौक घातला होता, त्यात सातवं कलम होतं. ढोलकीवर ते इंग्रजीपेक्षा फारच चांगलं वाटलं.

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. सीताबाईंचा त्यातला नाही.

सीताबाई परळलाच राहायच्या. नवरा गिरणीत होता, तो आजारपणात गेला. चाळीतली खोली त्याच्या नावावर होती. तीन महिन्यांनी दीर त्यांना घेऊन ऑफिसात आला. कागद त्याने दुसरीकडूनच तयार करून आणला होता. आमच्याकडून फक्त समजावल्याची ओळ आणि सही हवी होती. खोली वहिनीच्या नावावर करायचा कागद आहे, असं तो म्हणाला. बोलणं गोड, कपडे स्वच्छ. सीताबाई मान खाली घालून बसल्या होत्या. अंगठ्याला शाई त्याने आधीच लावून दिली होती.

मी वाचायला लागले. मध्यावर एक ओळ आली, 'रिमाइज, रिलीज अँड फॉरएव्हर क्विट क्लेम'. पहिला शब्द मला माहीत नव्हता, पुढचे नीटसे लागेनात. खरं सांगते, बाकीचा कागद कळतोय, ही एक ओळ गाळून पुढे जावं, असं क्षणभर मनात आलं. पण उठले आणि आत जाऊन विचारलं. बापूसाहेबांनी ओळ पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. तिन्हींचा अर्थ एकच, ते म्हणाले. हक्क सोडला. जसं आहे तसं जाऊन सांग.

मी बाहेर आले आणि सीताबाईंना सांगितलं, की इथे तीन वेळा लिहिलंय. खोलीवरचा हक्क सोडला, सोडला, कायमचा सोडला.

सीताबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. दीर म्हणाला, वहिनी, ते नुसतं इंग्रजी असतं, वकिली भाषा, तसा त्याचा अर्थ नसतो.

त्या त्याच्याकडे वळल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, मग हेच मला मराठीत बोलून दाखवा."

दिराने तोंड उघडलं. पण त्याला ते बोलता येईना. सीताबाईंनी शाईचा अंगठा मुठीत मिटला आणि त्या उठून चालायला लागल्या. जिन्याच्या कठड्यावर त्यांच्या हाताचा निळा डाग राहिला होता. तो पुसू नका, असं बापूसाहेबांनी झाडूवाल्याला सांगून ठेवलं.

पुढे बापूसाहेबांनीच त्या खोलीवर त्यांचं नाव लावून दिलं. सीताबाईंनी तिथे गिरणीतल्या माणसांसाठी खानावळ काढली. मी तिथे जेवले आहे. तशी तिखट आमटी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही.

*

कफ परेडच्या कोळीवाड्यातल्या हिराबाई बोंबील वाळवायच्या. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडी बांधून त्यांवर बोंबील लटकवलेले असतात, त्यातल्या सहा वलांडी त्यांच्या. शेजारी एका कंत्राटदाराने गोदामाची भिंत उभी केली आणि आठ दिवसांत ती सगळीच्या सगळी हिराबाईंच्या वलांडींवर कोसळली. हिराबाई नुकत्याच पाणी प्यायला घराकडे वळल्या होत्या म्हणून वाचल्या.

त्यांना फक्त वलांडी पुन्हा बांधून हव्या होत्या आणि ती भिंत पुन्हा तिथे नको होती. कंत्राटदाराच्या वकिलाने उत्तर दिलं, की हा 'ॲक्ट ऑफ गॉड' आहे. म्हणजे देवाची करणी, त्याला आमचा अशील जबाबदार नाही.

मी हिराबाईंना समजावलं. त्यांनी पदर कमरेला खोचला. कुठला देव, त्यांनी विचारलं. तसं लिहिलेलं नाही, मी म्हटलं.

दाव्याच्या दिवशी त्या साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. कंत्राटदाराच्या वकिलाने वादळ, भरती, वारा असं बरंच काही विचारलं. त्या दिवशी वारा पडलेला होता, त्यामुळे बोंबील वाळत नव्हते, असं त्यांनी सांगितलं. वकील म्हणाला, बाई, काही गोष्टी देवाच्या हातात असतात, एवढं तुम्ही मानता ना?

हिराबाई जज्जसाहेबांकडे वळल्या. "साहेब, मंग त्या देवाला समन्स काढा. मी वलखते त्याला. तो इटा कच्च्या लावनार नाय."

पुढच्या तारखेच्या आत कंत्राटदाराची माणसं बांबू घेऊन किनाऱ्यावर हजर होती.

*

आता केळकर मास्तर. दादरच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. जमावबंदी असताना ते आणखी वीसबावीस जणांबरोबर रस्त्यावर उभे राहिले, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणाले आणि पकडले गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. बापूसाहेब सत्याग्रहींची कामं फुकट चालवत आणि टिपणं घ्यायला मला बरोबर नेत. प्रत्येकापुढे एक छापील इंग्रजी कागद ठेवला जात होता. यापुढे शांतता राखीन, अशी सही करा आणि घरी जा. नाही केलीत तर पंधरा दिवस तुरुंग. एकेक जण नाही म्हणत होता आणि भिंतीकडे जाऊन उभा राहत होता.

मास्तरांना बापूसाहेबांनी आधी बाजूला घेऊन समजावलं होतं, की शिक्षा झाली तर शाळा काढून टाकेल, सगळ्या आयुष्याची नोकरी जाईल. मास्तरांच्या काखेत घोंगडीची वळकटी होती. तुरुंगासाठी बायकोने घरून पाठवलेली.

त्यांचं नाव पुकारलं. सही करणार का, मॅजिस्ट्रेटनी विचारलं. मास्तर म्हणाले, आधी वाचतो.

ते वाचायला लागले. कागद एकच, वाक्यही एकच, पण पानभर. मॅजिस्ट्रेटनी घड्याळाकडे पाहिलं. मास्तरांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि मधूनमधून खुणा करायला लागले. शेवटी त्यांनी कागद परत ठेवला आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की याला मुख्य क्रियापद नाही. 'व्हेअरऍज' चार वेळा आलंय, 'नॉटविथस्टँडिंग' दोनदा, शेवटी 'नाऊ देअरफोर' आहे, पण त्याच्यापुढे कोण काय करतो ते आलेलंच नाही. वाक्य अर्धं आहे. अर्ध्या वाक्याखाली मी सही करत नाही.

मॅजिस्ट्रेटनी कागद हातात घेऊन वाचला. मग पुन्हा वाचला. मग तो सरकारी वकिलांना दिला आणि क्रियापद दाखवायला सांगितलं.

सरकारी वकिलांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या 'व्हेअरऍज'ला त्यांचा दम संपला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भिंतीकडची माणसं हसू दाबत होती.

मास्तर म्हणाले, माझे सोबती तुरुंगात चालले आहेत, मलाही पाठवा, माझी तयारी आहे.

"कसा पाठवू?" मॅजिस्ट्रेट म्हणाले. "सहीला नकार दिला, तर पाठवता येतं. तुम्ही नकार दिलेला नाही. तुम्ही क्रियापद मागितलंय." आणि मग भिंतीकडे उभ्या असलेल्यांकडे बघून त्यांनी कारकुनाला विचारलं, "या सगळ्यांना हाच कागद दिला होता ना?"

कारकून हो म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनी लेखणी खाली ठेवली. "सगळ्यांनी घरी जा. क्रियापद सापडलं की बोलावणं धाडू."

आम्ही जिना उतरलो तेव्हा मास्तर वळकटी काखेत धरून पुढे चालले होते, जरासे नाराजच. मी मागे वळून पाहिलं. सरकारी वकील खिडकीपाशी उजेडात उभे राहून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत होते.